वर्गातील प्रज्ञावान मूल कसे ओळखावे?

(नंदनवन, नागपूर येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या सभेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



आज आपण ज्या वस्तीत जमलो आहोत तिचे नाव नंदनवन. नाव पुराणातल्या उद्यानाचे असले, तरी आपल्यापैकी पुष्कळांना ही वस्ती ठाऊक आहे ती निराळ्याच कारणाने. बिऱ्हाड इथे आणि शाळा कुही, उमरेड वा भिवापूर तालुक्यात, असा संसार करणारे शिक्षक या सभेत थोडेथोडके नाहीत. सकाळी उमरेड मार्गावरची गाडी गाठावयाची आणि सायंकाळी परतावयाचे, या धावपळीत एखाद्या मुलाकडे निवांतपणे पाहण्यास सवड कुठली, असे कुणाच्या मनात आले तर ते स्वाभाविक आहे. मी जे सांगणार आहे ते वर्गातल्या नित्याच्या कामातच बसणारे आहे, एवढे आश्वासन प्रारंभीच देतो.

गेली कित्येक वर्षे आपल्या बैठकांतून मागे पडणाऱ्या मुलांची चर्चा होत आली आहे. वाचता न येणारी किती, वजाबाकीत चुकणारी किती, सतत गैरहजर राहणारी किती, याचे तक्ते आपण भरतो. ते भरलेच पाहिजेत. परंतु त्याच वर्गात दुसऱ्या टोकाला एखादे मूल असते, त्याच्यासाठी आपल्या तक्त्यात रकाना नाही. ‘त्याचे काय, तो आपला आपण शिकेल’ असे म्हणून आपण त्यास सोडून देतो. हे म्हणणे फारसे खरे नाही. पाच दिवसांचे काम एका दिवसात उमजणारे मूल उरलेले चार दिवस काय करते? प्रथम ते खिडकीबाहेर पाहते, मग शेजाऱ्याच्या खोड्या काढते, आणि पुढे पुढे असे ठरवून टाकते की शाळा म्हणजे वाट पाहत बसण्याची जागा. तिसरी-चौथीपर्यंत ही सवय अंगवळणी पडली, तर सातवीत त्या मुलाची बुद्धी शोधावयास जाणाऱ्यास ती सापडेलच असे नाही.

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख हिचे नाव आता घरोघरी ठाऊक झाले आहे. वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास तिने बुद्धिबळाच्या पटाशी ओळख करून घेतली, २०१२ साली सात वर्षांखालील मुलींची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपी हिला हरवून महिलांचा विश्वचषक मिळवला. तिचे कौतुक आपण सारेच करतो. माझ्या मनात त्याबरोबर आणखी एक विचार येतो. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर. घरात पट आला, शिकवणारा मिळाला, स्पर्धेस नेणारे माणूस होते. मुलीच्या अंगचा गुण पाचव्या वर्षी दिसला, याचे कारण तो दिसण्याजोगी साधने भोवती होती. आता कल्पना करा की तशाच डोक्याचे मूल मांढळच्या किंवा देवलापारच्या बाजूस एखाद्या दोन शिक्षकी शाळेत बसले आहे. त्याच्यापुढे पट येणार नाही. त्याच्यापुढे येणार आपण, फळा, आणि पाठ्यपुस्तक. त्याची बुद्धी दिसावयाची असेल तर ती या तिघांच्याच संगतीत दिसेल, आणि पाहणारे डोळे फक्त आपलेच असतील.

येथे एक शब्दभेद स्पष्ट केला पाहिजे. हुशार मूल आणि प्रज्ञावान मूल हे बहुधा एकच समजले जातात. हुशार मूल शिकवलेले चटकन ग्रहण करते, वही स्वच्छ ठेवते, उत्तर देताना हात वर करते, आणि परीक्षेत वरचे गुण मिळवते. असे मूल वर्गात असणे हे शिक्षकाचे सुख आहे, व त्याचा मान कमी करण्याचा माझा हेतू नाही. प्रज्ञावान मूल मात्र शिकवलेल्या गोष्टीच्या पलीकडे स्वतःहून पाऊल टाकते. आपण रीत सांगितली की हुशार मूल ती रीत बिनचूक चालवते. प्रज्ञावान मूल विचारते की ही रीत अशीच का, दुसरी का नको. ते कधी उत्तर बरोबर काढते आणि रीत लिहीत नाही. कधी साध्या बेरजेत चुकते, कारण त्याचे मन त्या बेरजेत नसतेच. रेंझुली या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाने १९७८ साली असे मांडले की सरासरीहून वरची क्षमता, हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती आणि नवे काही करण्याची शक्ती, या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे प्रज्ञा फळास येते. यातील मधल्या गोष्टीकडे आपले लक्ष कमी जाते. जो मुलगा पाठ चालू असता चुळबुळतो, तोच मधल्या सुट्टीत मुंग्यांची रांग कोठून निघते ते शोधत अर्धा तास उन्हात बसतो. त्याचे चित्त स्थिर नाही असा शेरा प्रगतिपुस्तकात लिहिण्यापूर्वी हे दुसरे दृश्यही पाहून ठेवावे.

मग लक्षणे कोणती? पुस्तकांतून लांबलचक याद्या मिळतात, त्या पाठ करून काही साधत नाही. मी शाळाभेटींत ज्या गोष्टींकडे पाहतो त्या सांगतो.

पहिली आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे प्रश्न. किती प्रश्न विचारतो यापेक्षा कोणत्या जातीचे विचारतो ते पाहावे. ‘चंद्र किती दूर आहे’ हा जिज्ञासेचा प्रश्न झाला, आणि तो पुष्कळ मुले विचारतात. ‘चंद्र दिवसाही दिसते, तं मग त्याला रात्रीचा कायले म्हणते?’ असे तिसरीतल्या एका मुलाने मला विचारले होते. या प्रश्नात पाहणे आहे, ऐकलेल्याशी ते ताडून पाहणे आहे, आणि दोन्ही जुळत नाहीत हे ध्यानात येणे आहे. असा प्रश्न आला की उत्तर देण्याची घाई करू नये. तो आजच्या तारखेसह लिहून ठेवावा.

दुसरी खूण कानाची. आपल्या बहुवर्ग शाळांची आपण तक्रार करतो, आणि तिला कारणेही आहेत. परंतु या एका बाबतीत बहुवर्ग शाळा शहरातल्या मोठ्या शाळेहून सोयीची आहे. उमरेडकडील एका शाळेत मी बसलो असता बाई चौथीस शेताचे क्षेत्रफळ काढावयास सांगत होत्या. दुसरीची मुले पाठ फिरवून पाढे लिहीत होती. चौथीतून उत्तर येईना. तेव्हा पाठमोरा बसलेला दुसरीतला एक मुलगा मान न वळवता हळूच उत्तर पुटपुटला. त्यास चौथीचे कुणी शिकवले नव्हते. चौथी दोन वर्षे त्याच्या पाठीमागे बसून शिकत होती, आणि तो ऐकत होता. वरच्या वर्गाचा पाठ चालू असता खालच्या वर्गातील कोणाचा हात लिहिता लिहिता थांबतो, एवढे पाहावे. त्यासाठी निराळी चाचणी लागत नाही.

भाषेची खूण ओळखण्यात मात्र आपली फसगत फार होते, कारण आपण प्रमाण बोलीच्या चाळणीतून ऐकतो. घरी झाडीबोली बोलणारे, रामटेकच्या उत्तरेकडील गावांत गोंडी बोलणारे, किंवा तांड्यावरून येणारे मूल पहिलीत गप्प असते. त्याचे गप्प बसणे म्हणजे मंदपणा नव्हे; ते एकाच वेळी दोन भाषांचा हिशेब मांडत असते. वर्षभरात त्याने शाळेची भाषा कितपत आत्मसात केली, आणि घरच्या भाषेतली एखादी म्हण वा उपमा ते नेमक्या जागी वापरते की नाही, हे पाहावे. खानदेशातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. १८८० ते १९५१ एवढ्या आयुष्यात त्यांनी शेतात व जात्यावर जी गाणी रचली ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली म्हणून उरली, व आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली ग्रंथरूपाने लोकांपुढे आली. टिपून ठेवणारे माणूस घरात नसते तर महाराष्ट्राला त्यांचे नावही कळले नसते. आपल्या वर्गातील मुलाच्या घरी असे टिपणारे माणूस बहुधा नसते. ते काम आपल्याकडे येते.

आणखी काही खुणा थोडक्यात सांगून पुढे जातो. वयाने मोठ्या मुलांत रमणे. थट्टेतला आडवा अर्थ इतरांआधी कळणे. वस्तू गोळा करून त्यांची आपल्या मनाप्रमाणे वर्गवारी लावणे. खेळाचे नियम बदलून नवा खेळ काढणे. अन्याय झालेला सहन न होणे, मग तो दुसऱ्यावर का असेना. यांपैकी एखादी खूण दिसली म्हणून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन खुणा एकाच मुलात महिनोन्‌महिने दिसत राहिल्या तर मात्र दुर्लक्ष करू नये. हस्ताक्षरावरून तर काहीच ठरवू नये. मन पुढे धावते आणि हात मागे राहतो, अशा मुलाचे अक्षर वाईट असते. काही मुलांना वाचनलेखनाची खरीखुरी अडचण असते आणि त्याच वेळी तोंडी विचारात ती सर्वांच्या पुढे असतात. लेखी परीक्षेत अशी मुले दोन्हीकडून हरवतात: अडचण बुद्धीने झाकली जाते आणि बुद्धी अडचणीने.

आता एका मिरची सातऱ्याची गोष्ट. आपल्या भागात मिरचीचे देठ खुडण्याचे काम हंगामात कसे चालते ते आपणांस सांगावयास नको. चौथीतील एक मुलगी या हंगामात आईबरोबर जात असे, म्हणून तिची उपस्थिती तुटक, आणि म्हणून तिचे नाव मागे पडणाऱ्यांच्या यादीत. खुडलेल्या मिरचीच्या वजनावर मजुरी. ही मुलगी रोजचे वजन कोळशाने भिंतीवर लिहून ठेवी. काही दिवसांनी ती आईला म्हणाली की दोन टोपल्या वेगवेगळ्या तोलू नकोस, एकदम तोल. का? तर तोलणारा प्रत्येक खेपेस वरचे काही ग्रॅम सोडून देतो. दोन खेपांत दोनदा सुटतात, एका खेपेत एकदाच. आकडे पूर्णांकात उतरवताना होणारी तूट तिने स्वतः शोधून काढली होती. पाठ्यपुस्तकात हे प्रकरण चौथीला नाही. तिच्या गुरुजींनी ही गोष्ट आईच्या तोंडून ऐकली, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन ती भिंत पाहिली, आणि मुलीचे नाव मागे पडणाऱ्यांच्या यादीत ठेवूनच तिला गणिताची निराळी वही करून दिली. यादीतून नाव काढले नाही हे त्यांनी शहाणपणाचे केले, कारण वाचनात ती खरोखरच मागे होती आणि त्यासाठी मदत तिला मिळावयास हवी होती. आज ती आठवीत आहे. वर्गात पहिली येते असे नाही. परंतु शाळा सुटली नाही, आणि चौथीनंतर पुढची शाळा दुसऱ्या गावी असता मुलीची शाळा सुटणे किती सोपे असते हे आपण जाणता.

यावरून आपल्या नजरेच्या दिशेचा प्रश्न निघतो. नजर वर्गाच्या मध्यभागी जाते, कडेला जात नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्रात २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो, व आपणही तो पाळता. या मुलास इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर बसावे लागे, आणि पाण्याच्या भांड्यास हात लावता येत नसे. विसाव्या शतकातील भारताच्या थोर विद्वानांपैकी एक त्या कोपऱ्यात बसला होता. वर्गाची रचनाच अशी होती की तो दिसू नये. आज तशी रचना कायद्याने नाही. तरी कोणते मूल शेवटच्या रांगेत आहे, कोणाचा हात वर असता आपण दुसऱ्यास विचारतो, कोणत्या वस्तीतील मुलास आपण कधीच फळ्यापाशी बोलावले नाही, याचा आठवडाभर खडूने टिंब देऊन हिशेब ठेवून पाहावा. मुलींच्या बाबतीत तर तो अवश्य ठेवावा. मुलगी उत्तर ठाऊक असूनही गप्प बसते, कारण गप्प बसल्याबद्दल तिची घरी वाखाणणी होते.

कसोटी लावून बुद्धी मोजता येत नाही काय, असे आपण विचाराल. येते, काही अंशी. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने यांनी पहिल्या कसोट्या रचल्या, त्या मंदगती मुलांना मदत करता यावी म्हणून. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात त्या मराठी व कानडी मुलांसाठी बेतून घेतल्या. पुण्यात १९६२ साली वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ पासून प्रज्ञावान मुलांची शाळा चालवली, तेथेही निवड मानसशास्त्रीय चाचण्यांनीच होत आली आहे. जाणकाराच्या हाती चाचणी उपयोगी असते. पण तिच्या मर्यादेचे एक प्रसिद्ध उदाहरण ध्यानात ठेवावे. अमेरिकेत टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार बुद्धिमान मुले चाचणीने निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्या चाचणीत ज्यांची निवड झाली नाही अशा मुलांत शॉक्ली आणि अल्वारेझ हे दोघे होते. पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक शॉक्ली यांना १९५६ साली आणि अल्वारेझ यांना १९६८ साली मिळाले. निवडलेल्यांपैकी एकासही मिळाले नाही.

आपल्या शाळेत चाचणी आणण्यापेक्षा चांगला उद्योग आणावा, असे माझे मत आहे. मूल उद्योगात गुंतले की आपले अंतरंग दाखवते. असा एक उद्योग आपल्याच एका व्यवसायबंधूने देऊन ठेवला आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात असता १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पदवीनंतरचे शिक्षण नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळ देवळाली येथे शाळामास्तरकी केली आणि फावल्या वेळी अंकांशी खेळत राहिले. पुष्कळ विद्वानांनी त्यांना प्रथम मनावर घेतले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर गेले. हर्षद संख्या हे नाव त्यांनीच दिले: आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती, जशी १२ किंवा १८. पंचेचाळिसाचा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे तुकडे करून बेरीज घेतली की पुन्हा पंचेचाळीस. असल्या संख्या आज कापरेकर संख्या म्हणून ओळखल्या जातात.

त्यांनी १९४९ साली पुढे आणलेली गोष्ट चौथी-पाचवीच्या वर्गात अशी करावी. मुलांना चार अंकी संख्या घ्यावयास सांगावी. चारही अंक सारखे नसावेत. समजा ३५२४ घेतली. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या ५४३२, लहानात लहान २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तसेच: ८७३० वजा ०३७८, बाकी ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया केली की ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. कोणतीही संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. मध्ये तीन अंकी बाकी आली तर डावीकडे शून्य लिहून चार अंक पुरे करावेत, एवढी सूचना विसरू नये.

साऱ्या वर्गाचा हातच्याच्या वजाबाकीचा सराव यात आपसूक होतो. पण आपण त्या वेळी पाहावयाचे ते निराळे. बहुतेक मुले ६१७४ आल्यावर आनंदतील आणि वही मिटतील. एखादे मूल दुसरी संख्या घेईल, मग तिसरी. एखादे विचारेल की तीन अंकांचे काय होते. त्यास सांगू नये, करून पाहावयास सांगावे. ५८२ घेतली तर ८५२ वजा २५८ म्हणजे ५९४, आणि मग ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५, व पुढे ४९५ च. आणि क्वचित एखादे मूल, कुणी न सांगता, दोन अंकांवर जाईल. तेथे गंमत आहे. ५२ वजा २५ म्हणजे २७; मग ४५; मग ०९; मग ८१; मग ६३; आणि पुन्हा २७. एका शाळेत पाचवीतली मुलगी वही घेऊन बाईंकडे आली आणि म्हणाली, ‘मॅडम, हे तं थांबूनच नाही राह्यलं, गोल गोल फिरून राह्यलं.’ तिच्या वर्गात तिचा क्रमांक नववा की दहावा होता. बाईंनी त्या दिवशी तिच्या नावापुढे खूण केली. मी त्या ठिकाणी असतो तर मीही केली असती. बरोबर उत्तर काढल्याची ती खूण नव्हे. नियम कोठे लागू पडत नाही ते शोधावयास ती आपणहून गेली होती.

अशी नोंद हाती आल्यावर करावयाचे काय? प्रथम काय करू नये ते सांगतो. वर्गापुढे ‘हा आपला प्रज्ञावान’ असे जाहीर करू नये. त्या दिवसापासून ते मूल चुकण्यास भिऊ लागते, आणि जे चुकण्यास भिते ते नवे काही करून पाहत नाही. दहा गणिते लवकर संपवली म्हणून तशीच आणखी दहा देऊ नयेत. मुलाच्या दृष्टीने ती शिक्षाच होय. त्यास कायमचा वर्गनायक करून इतरांच्या वह्या तपासावयास बसवू नये. थोडे शिकवणे चांगले. पण शाळेत ते शिकण्यासाठी आले आहे, आपल्याला मदतनीस म्हणून नव्हे.

करावयाचे ते साधे आहे. जे त्यास येते त्यातून मोकळे करून त्या वेळात कठीण काम द्यावे. शाळेच्या पेटीतली पुस्तके कुलपात न ठेवता त्याच्या हाती द्यावीत. गणिताचा एक प्रश्न आठवडाभरासाठी द्यावा आणि उत्तरापेक्षा रीत विचारावी. आठवड्यातून एक-दोन तास वरच्या वर्गात बसू द्यावे. गावातील जाणत्या माणसांशी त्याची गाठ घालून द्यावी: विहिरीचे पाणी सांगणारा, यंत्र दुरुस्त करणारा, भजनी मंडळातला पेटीवाला. प्रश्नाचे उत्तर आपणांस येत नसेल तर तसे सांगून दोघांनी मिळून शोधावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही विशेष कल असलेल्या मुलांना नेहमीच्या अभ्यासापलीकडचे काम देऊन उत्तेजन द्यावे असे म्हटले आहे. त्यासाठी वेगळ्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

परीक्षांविषयी थोडे. शिष्यवृत्ती परीक्षेस आपण मुले बसवतोच. जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवडपरीक्षेकडे मात्र काही शाळांचे लक्ष उशिरा जाते. आपल्या जिल्ह्याचे नवोदय नवेगाव खैरी येथे आहे. ही परीक्षा पाचवीत असता एकदाच देता येते, दुसरी संधी नाही; आणि किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असून त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत झालेली असावी लागतात. म्हणजे पालक पाचवीसाठी मुलास शहरात नातेवाइकांकडे पाठवू लागला तर त्यास ही गोष्ट आधी समजावून सांगितली पाहिजे. आठवीतील मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. तीत निवड झालेल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास बारा हजार रुपये मिळतात. गरीब घरात ही रक्कम मुलीची शाळा आणि मुलीचे लग्न यांत निवड करताना पारड्यात पडते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. परीक्षेत निवड न झालेल्या मुलाची नोंद मात्र आपल्या वहीतून खोडू नये. टर्मन यांची गोष्ट सांगितली ती त्यासाठीच.

पालकांशी बोलताना भाषा जपावी. ‘तुमचा मुलगा कलेक्टर होणार’ असे बोलून येऊ नये. एक तर ते आपल्या हाती नाही, आणि दुसरे, त्या एका वाक्याने घरातले कर्ज वाढून मूल शहरातल्या महागड्या शिकवणीत जाऊन पडते. ‘हिला प्रश्न पडतात, ते विचारू द्या; हंगामात कामाला न्याल तेव्हा आम्हाला सांगा, वही बरोबर देऊ; पाचवीला दुसऱ्या गावी जावे लागेल, एस.टी.च्या मोफत पासाचा अर्ज आम्ही भरून देऊ’ एवढे बोलावे. आईशी बोलावे, केवळ वडिलांशी नव्हे. मूल काय बोलते ते आईला अधिक ठाऊक असते.

आता कामाचे. प्रत्येक शिक्षकाने शंभर पानी एक वही करावी. तीत गुणांची नोंद नको, श्रेणीही नको. डाव्या पानावर तारीख आणि मुलाचे नाव. उजव्या पानावर त्याने काय विचारले, काय करून दाखवले, ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत. महिन्यास चार नोंदी झाल्या तरी पुरे. वर्ग पुढे गेला की ती वही पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यावी, आणि चौथीनंतर मूल दुसऱ्या शाळेत गेल्यास त्याच्या पानांची नक्कल दाखल्याबरोबर पाठवावी. येत्या केंद्रसभेला प्रत्येकाने आपापली वही आणावी. नावे मोठ्याने वाचली जाणार नाहीत. फक्त मुलांचे प्रश्न वाचले जातील, आणि त्यांतील ज्यांची उत्तरे आपल्यापैकी कुणासही येत नाहीत त्यांवर त्या दिवशी पहिला तास घेतला जाईल. वही नसेल तर सुट्या कागदावर आणली तरी चालेल.